रोजच्या कापडाची वीण : वर्ध्यात हातमाग शिकताना

हातमाग शिकायला जातेय म्हटल्यावर डोंबिवलीत ज्यानं त्यानं विचारलं, "पैठणी का?" पैठणीसाठी उभं आयुष्य द्यावं लागतं आणि ते देणारी माणसं येवल्या-पैठणला आहेत. मला विणायचे होते हात पुसायचे टॉवेल, पोळ्यांच्या डब्यातले रुमाल, पाटावर घालायचं आसन. घरात सगळ्यात जास्त राबणारं कापड हेच, आणि विकत घेताना आपण सगळ्यात कमी विचार करतो तोही याचाच.

वर्धा ठरलं ते मावशीमुळे. तिच्या ओळखीचं एक कोष्टी जोडपं सेवाग्रामजवळच्या एका खेड्यात माग चालवतं आणि कोणी मनापासून शिकायला आलं तर जवळ बसवून शिकवतं. डिसेंबरचा शेवट होता, कापसाची वेचणी चालू होती. विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी वर्ध्याला उतरले तेव्हा फलाटावर सगळे कानटोप्यांत होते.

शनिवार : मगनवाडी

मावशी सत्तरीच्या पुढची, निवृत्त शिक्षिका. तिच्या शाळेत मूलोद्योग, म्हणजे अभ्यासातला हातउद्योग म्हणून टकळीवरची सूतकताई होती. चहा पिता पितानाच तिनं मला बजावलं, "शोभेचं काही आणू नकोस. माझ्या घरातले टॉवेल पाणी पुसत नाहीत, नुसतं इकडून तिकडे ढकलतात. तेवढं बघ." पुढच्या सगळ्या दिवसांचा विषयच तिनं ठरवून टाकला.

त्या दिवशी मागाला सुट्टी होती म्हणून मगन संग्रहालयात गेलो. मगनलाल गांधी साबरमतीला खादीच्या तंत्राचं काम बघायचे. १९२८ साली ते गेले आणि १९३८ मध्ये त्यांच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं. याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम करत. आत चरख्यांचे इतके प्रकार आहेत की मी एकेकापुढे रेंगाळत राहिले : पेटीत मावणारा येरवडा चरखा, धनुष तकली, बऱ्याच चात्या एकदम फिरवणारा अंबर चरखा. गांधीजींच्या पुढाकारानं १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यावा आणि बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा, अशा त्याच्या अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. आठ तास काम करणाऱ्या बाईचा थकवा यंत्राच्या अटीत मोजलेला बघून मला फार बरं वाटलं.

वर्ध्याला जाणार असाल तर संग्रहालयाला निवांत अर्धा दिवस द्या आणि उघडं असल्याची आधी फोनवर खात्री करून घ्या. परत येताना गोरस भांडारातला गोरसपाक घ्या. तो चहात बुडवायचा नाही, तसाच खायचा, असं मावशीचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे.

रविवार : ताणा

सकाळी रिक्षानं गावात पोचलो. ते कोष्टी जोडपं म्हणजे माझे काका-काकू झाले. काकांचं घर कौलारू, पुढच्या पडवीत दोन माग. एक खड्डामाग, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायचा, त्यावर काका. दुसरा लाकडी चौकटीचा, पायानं दाबायच्या चार पावड्यांचा, तो माझ्यासाठी मोकळा केलेला. काकूंनी पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिलं. "ताई, बांगड्या काढून ठेवा. अन् नखं कापून या उद्या. धाग्याले ते अटकतात."

बसायच्या आधी हिशेब. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं मांडला. टॉवेल धुतल्यावर २२ इंच रुंद हवा, तर मागावर २७ इंच धरायचे. एवढे ५ इंच कुठे जाणार, असं विचारलं तर म्हणाले, "पाण्यात." जास्त काही सांगितलं नाही. सूत दोन पदरी १० नंबरचं. नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं, कारण ८४० वारांच्या किती लडी एका पौंडात बसतात त्यावरून तो ठरतो. दर इंचाला २८ धागे, म्हणजे २७ इंचांत ७५६. ताण्याची, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांची लांबी ७ मीटर. गुणाकार केला तर सव्वापाच किलोमीटर सूत आणि वजन जेमतेम ६२५ ग्रॅम. भाजीच्या पिशवीत मावेल एवढं सूत वर्ध्याहून सेवाग्रामच्या दिशेनं अर्ध्यावर पोचलं असतं!

ताणा लाकडी ड्रमवर गुंडाळतात. कांड्यांवरचे धागे एकदम घेऊन ड्रम फिरवत राहायचा आणि दर फेरीला एका टोकाशी धाग्यांची फुली पाडायची, एक वरून, एक खालून. ही फुली म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा जीव आहे. ती सुटली तर कोणता धागा कोणाच्या शेजारचा हे कळायला मार्ग उरत नाही. काकू फुलीत दोरी ओवून गाठ मारत आणि गाठ मारल्यावर दरवेळी ती ओढून बघत.

दुपारी जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. थंडीत विदर्भात गेलात आणि ओले सोले खाल्ले नाहीत तर जाणं फुकट गेलं समजा. मुंबईकडे ते मिळतात, पण शेतातून आलेल्या शेंगा दारात बसून सोलायच्या आणि तासाभरात चुलीवर चढवायच्या, तो गोडवा वेगळाच.

सोमवार : ओवणं

दिवसभर एकच काम. चार चौकटी मागावर लटकलेल्या, प्रत्येकीत तारांची डोळी. ७५६ धाग्यांतला एकेक धागा ठरलेल्या चौकटीच्या डोळ्यातून ओवायचा आणि मग फणीच्या घरातून. फणी म्हणजे धागे अंतरावर ठेवणारा आणि आडवा धागा ठोकणारा कंगवाच. काकू मागच्या बाजूला बसून धागा पुढे करत, मी पुढून आकड्यानं ओढून घेत होते. क्रम असा : पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, तिसरी, दुसरी. परत पहिली. सहा धाग्यांचा हा फेरा, १२६ वेळा.

काकू तो मोठ्यानं म्हणत नव्हत्या, बोटांनी मांडीवर ताल धरत होत्या. सहा धागे झाले की हलकी थाप. दर दहा फेऱ्यांनी आम्ही थांबून मोजायचो आणि त्या गठ्ठ्याला सैल गाठ मारायचो. चौकटीचा क्रम इथे चुकला तर विणताना त्या जागी उभी रेघ दिसते आणि ती शेवटपर्यंत जात नाही, म्हणून घाई नाही. फणीच्या प्रत्येक घरात दोन धागे. फणीचा नंबर म्हणजे २ इंचांत किती घरं. आमची २८ नंबरची, म्हणजे इंचाला १४ घरं आणि दोन-दोन धाग्यांनी २८ धागे. हे गणित सोपं आहे, ते लक्षात ठेवा. पुढे कोणत्याही फणीवर कोणतं सूत चालेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

या सगळ्या वेळात एक इंचही कापड झालं नाही. काका खड्डामागावरून म्हणाले की व्यापारी मजुरी मीटरवर देतो, ओवण्याचा दिवस त्यात कोणी धरत नाही. म्हणून पुष्कळ विणकर नवी रचना लावायचं टाळतात. जुन्या ताण्याच्या शेवटच्या धाग्यांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून पिळून जोडतात आणि तीच वीण वर्षानुवर्षं चालू राहते. हातमागावर एकाच तऱ्हेचं कापड का दिसतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्याचं कारण कल्पनेच्या कमतरतेत नाही, मजुरीच्या हिशेबात आहे. नवीन नक्षी हवी असेल तर गिऱ्हाईकानं ओवण्याच्या दिवसाचे पैसे वेगळे द्यायला हवेत. मी दिले, आणि तुम्हीही कुठे शिकायला गेलात तर आपणहून विचारून द्या.

मंगळवार : साधी वीण आणि तिरपी वीण

एकदाचं विणणं सुरू झालं. पहिले चार-पाच इंच जाड धाग्यानं नुसते भरायचे, म्हणजे गाठींमुळे एकत्र आलेले ताण्याचे धागे पसरून सरळ होतात. मग साधी वीण. पावडी दाबून पहिली आणि तिसरी चौकट वर, आडवा धागा नेणारा धोटा टाकला, फणी ठोकली. दुसरी आणि चौथी वर, धोटा परत. प्रत्येक धागा दर वेळी शेजारच्याला अडवतो, म्हणून ही सगळ्यात घट्ट आणि टिकाऊ वीण. पंचा, धोतर, चादर सगळं हिच्यावर.

काठ आत ओढले जायला लागले तसे काका उठून शेजारी आले. "किनार आत जाऊन राह्यली. धाग्याले ओढू नोका, ताई. त्याले तिरपं पडू द्या." आडवा धागा सरळ रेषेत न टाकता थोडा चढता टाकायचा आणि मग ठोकायचा. वरखाली जायला लागणारी लांबी त्याला त्या चढातून मिळते. एवढ्या एका गोष्टीनं काठ जागेवर आले.

दुपारी काकांनी चौकटींना पावड्यांशी जोडणाऱ्या खालच्या दोऱ्या बदलल्या आणि त्याच ताण्यावर तिरपी वीण लावली. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, आणि दर फेरीला एक धागा सरकायचं. जीन्सच्या कापडावर जी तिरकी रेघ दिसते तीच जात. आमचं ओवणं मध्येच उलटं फिरत असल्यामुळे तिरकी रेघ जाऊन-येऊन नागमोडी झाली, आणि पावड्यांचा क्रम उलटा केला की बारीक हिरे. धागे एकमेकांना कमी वेळा अडवतात म्हणून कापड मऊ पडतं, घडी सुरेख बसते आणि आडवे धागे जास्त मावतात. पोळ्यांच्या रुमालाला हीच वीण हवी हे मला तिथेच बसल्या बसल्या कळलं. पोळीची वाफ धरायला दाट कापड हवं आणि डब्यात दुमडायला मऊ. नक्षी हिऱ्यांची दिसते ती वर, पण काम चाललेलं असतं ते खाली, धाग्यांच्या अडवण्या-सोडण्यात.

चारच्या सुमाराला ऊन तापून हवा कोरडी झाली आणि धागे तुटायला लागले. कापसाचा धागा ओलसर असताना जास्त बळकट असतो. खड्डामागाच्या पावड्या जमिनीखाली असतात आणि ताणा जमिनीलगत, तिथे ओल राहते. काकांचा एकही धागा तुटला नव्हता. माझ्या मागाखाली काकूंनी पाणी शिंपडलं, ओलं पोतं अंथरलं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कसं करता, विचारलं. "पहाटे चारले बसा लागते," काकू म्हणाल्या.

शिकायला जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी जा. पहाटे आणि संध्याकाळी स्वेटर लागतो, दुपारी सुती सदरा पुरतो. उंच बाकावर बसून पाय सारखे चालवायचे असल्यामुळे कमरेला आधार म्हणून एक लहान उशी न्या.

बुधवार : सेवाग्राम, पवनार

काकांना सूत आणायला जायचं होतं, त्यामुळे आम्ही मावशीबरोबर सेवाग्रामला. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले. आदि निवास, बापू कुटी, अंगणात त्यांनी लावलेला पिंपळ. बापू कुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेननी केलेलं ताडाच्या झाडांचं उठावाचं काम आहे. खोलीत जमिनीवरची चटई आणि बसायची जागा. दिवसभर माग चालवल्यावर मी त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ चटईची वीण बघत उभी होते. तीही तिरपीच, दोन वरून दोन खालून.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. पवनारच्या आधी ते वर्ध्याजवळ नालवाडीला होते. तिथे त्यांनी कातून मिळेल तेवढ्याच मजुरीवर जगून पाहिलं होतं, कातणारीला तेवढ्यात भागवता येतं का हे समजून घ्यायला. सोमवारचं काकांचं बोलणं ऐकल्यानंतर त्या प्रयोगाचं मोल मला नीट कळलं. नदीवर पाणी थंडगार होतं, मावशी पाय सोडून बसली आणि लहानपणीची टकळीची गाणी म्हणत राहिली. वर्ध्याहून दोन्ही ठिकाणं आठ-दहा किलोमीटरवर आहेत, पण दिशा वेगळ्या. रिक्षा दिवसभरासाठी ठरवली तर सोयीचं पडतं.

गुरुवार : खाचांची वीण

याच दिवसासाठी मी आले होते. ओवणं तेच, सूत तेच, फणी तीच. फक्त दोऱ्या आणि पावड्यांचा क्रम वेगळा. या विणीत प्रत्येक सहा धाग्यांच्या घरात मधला भाग साध्या विणीचा, आणि कडेकडेला धागे पाच-पाच जणांवरून लांब मोकळे जातात. उभेही आणि आडवेही. इंग्रजीत हिला हनीकोंब म्हणतात, काका 'घराची वीण' म्हणत होते.

मागावर मात्र तसं काही दिसत नव्हतं. ताण्याच्या ओढीनं कापड सपाट, नुसत्या फिकट चौकटी. काठाला मी निळीचे दोन पट्टे टाकले होते. टॉवेल सोड्यात उकळायचा असतो आणि फुला-सालींचे रंग त्या उकळीत पालटतात, नीळ टिकते, म्हणून काकूंनी निळीचंच सूत दिलं. संध्याकाळपर्यंत दोन टॉवेलांची लांबी भरली. ताण्याचा शेवटचा दीड-दोन हात भाग विणता येत नाही, तो चौकटींच्या मागे अडकलेला राहतो. काकांनी कात्री माझ्या हातात दिली, पण कापायच्या आधी मागाला हात लावून नमस्कार केला. मीही केला.

मग चुलीवर मोठं पातेलं. पाणी, धुण्याचा सोडा, थोडा साबण. कोऱ्या सुतावर खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. नवा टॉवेल पाणी टिपत नाही तो या दोन गोष्टींमुळे, म्हणून पहिल्यांदा उकळायचाच. काकू काठीनं ढवळत होत्या. पाणी चहाच्या रंगाचं झालं. अर्ध्या तासानं टॉवेल काढून, गार पाण्यात खळबळून, पिळून त्यांनी दोरीवर टाकला आणि मला म्हणाल्या, "आता पाहा."

सगळं कापड उठून आलं होतं! ओढ गेल्याबरोबर लांब मोकळे धागे आखडले आणि घरांच्या भिंती होऊन उभे राहिले, मधली साधी वीण खाली बसली. पाव इंचाहून बारीक खोल घरं, एकसारखी, दोन्ही बाजूंनी. टेपनं मोजलं, रुंदी २२ इंच. पाण्यात गेलेले ५ इंच या भिंतींत होते. पाणी धरायला जागा या घरांत, आणि हवा खेळायलाही तिथेच, म्हणून हा टॉवेल टिपतोही जास्त आणि वाळतोही लवकर. मी तिथेच ओट्यावर तांब्याभर पाणी सांडलं आणि पुसून बघितलं. एका फेरीत दगड कोरडा.

त्या रात्री काकूंनी आग्रहानं जेवायला ठेवून घेतलं. गोळाभात, वरून कढत फोडणीचं तेल, चिंचेचं सार. गोळे हातानं फोडून भातात कालवायचे. मावशीला फोन करून सांगितलं की तिचं काम झालं.

शुक्रवार : आसन

शेवटचा दिवस खड्डामागावर. काकांनी तिथे इंचाला जेमतेम आठ धाग्यांचा विरळ ताणा लावून ठेवला होता. इथे सगळी वीण आडव्या धाग्याची, तो इतका ठोकून बसवायचा की ताणा दिसताच कामा नये. सतरंजीचंही हेच तंत्र. आडव्याला कालचे उरलेले ताण्याचे तुकडे आणि मावशीच्या दोन जुन्या सुती साड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या. पट्टी टाकताना तिचा कमानीसारखा बाक द्यायचा, मग लोखंडी पंज्यानं थोडी थोडी खाली बसवायची. फार लवकर पुढे सरकणारं काम, आणि पायाखालच्या खड्ड्यातून येणारा गारवा सुखाचा. दुपारपर्यंत दोन फुटांचं आसन उतरलं. साडी फाडताना एक लक्षात ठेवा : नायलॉनमिश्रित साडी घेऊ नका, ती पंज्याखाली दबत नाही आणि आसन घसरतं.

निघताना काकांनी ओवण्याचा कागद मला दिला, चौकोन भरलेला, चारही विणींच्या पावड्यांचे क्रम एकाखाली एक लिहिलेला. मी काकूंकडून त्यांच्या मागावरचे आणखी टॉवेल विकत घेतले, आणि ओळखीत कोणाला हवे असतील तर कळवीन म्हटलं. त्यांनी किंमत सांगितली त्यात घासाघीस करण्यासारखं काहीही नव्हतं.

परतल्यावर

घरी टॉवेल रोजच्या वापरात आहेत. साध्या साबणानं धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य टाकू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी टिपणं कमी होतं. इस्त्री तर अजिबात नको, घरं चपटी होतात.

आमच्या इमारतीतल्या एका आजींकडे चार चौकटींचा लहान टेबलमाग माळ्यावर पडून होता, तो मी झाडून-पुसून घेतलाय. त्यावर पोळ्यांचे रुमाल विणायचे. सूत दोन पदरी २० नंबरचं, रुंदी १८ इंच, तिरपी वीण. इंचाला ४० धागे धरून ७२० चा हिशेब मी काकांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी मागं काकूंना विचारलं आणि मग सांगितलं, "छत्तीसच घ्या. रुमाल आहे तो, कडक नोको." म्हणजे ६४८ धागे. ३६ नंबरची फणी मागवली आहे, आली की पुढच्या रविवारी ताणा.